नलिनीताई आणि न कोसळलेली दरड

नलिनीताई तेंडोलकर यांची माझी पहिली भेट कांजूरमार्गला, त्यांच्या राहत्या घरी झाली. त्या नुकत्याच आमदार म्हणून निवडून आल्या होत्या आणि स्वच्छ मराठीत पत्रव्यवहार करू शकेल असा स्वीय सहायक शोधत होत्या. माझी कंपनी बंद पडली होती. शेजारच्या एका गृहस्थांनी माझे नाव सुचवले. ताईंनी चहा पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मला मत दिलंत?"

मी म्हणालो, "नाही."

"का?"

"तुम्ही शिक्षिका आहात. राजकारणात तुमचा टिकाव लागणार नाही असं वाटलं."

त्यांनी माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. मग म्हणाल्या, "सोमवारपासून या. माझी बाजू घेणारे पुष्कळ आहेत."

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात पक्षातील सहकारी त्यांच्याविषयी आत्मीयतेने लिहितीलच. मी त्यांच्या पक्षात कधी नव्हतो आणि आजही नाही. मी जवळून जे पाहिले, तेवढेच येथे नोंदवतो.

ताई मूळच्या गिरणी कामगाराच्या घरातल्या. पालिकेच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे गणित शिकवले आणि त्याचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर कायम राहिला. गोलगोल उत्तर त्यांना देता येत नसे, ऐकवतही नसे. विधानसभेत कचराभूमीच्या दुर्गंधीवर बोलायचे होते, तेव्हा त्या आधी एक अख्खी दुपार तिथल्या वस्तीत बसून आल्या. सभागृहात भाषण छोटेच झाले, पण मंत्र्यांना उत्तरासाठी मुदत मागावी लागली. दुसरीकडे, व्यायामशाळांची उद्घाटने आणि वाढदिवसांचे फलक यांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. कार्यकर्ते नाराज होत. त्यांची नाराजी अगदीच अनाठायी होती, असे मी म्हणणार नाही. लोकांच्या हौसेलाही राजकारणात जागा असते, हे ताईंना फार उशिरा पटले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड प्रसंग दुसऱ्या निवडणुकीच्या वर्षीचा. मतदारसंघातल्या एका टेकडीच्या उतारावर कोकणातून आलेल्या कुटुंबांची जुनी वस्ती होती. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी वरच्या बाजूला भेगा पडल्याचे सांगितले. पावसाळ्यापूर्वी खालची घरे रिकामी करावीत, असे त्यांचे मत होते. निवडणूक पावसाळ्यानंतर लगेच होणार होती.

पक्षातले ज्येष्ठ नेते कार्यालयात आले. "ताई, एवढं वर्ष जाऊ द्या. नोटिसा पालिकेला देऊ देत. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

ताई म्हणाल्या, "नुसत्या नोटिसा लागल्या तर कोणी हलणार नाही. मी सांगितलं तर निदान भांडायला तरी येतील."

आणि लोक खरोखरच भांडायला आले. वस्तीचे पुढारी भिकाजी गावडे गिरणीत काम केलेले होते. ते उभ्यानेच बोलले. "घर सोडूक सांगतास, ताई. पण जावचा खंय? आणि मागसून थंय बिल्डर येवचो नाय कशावरसून?"

"बिल्डर आला तर मी आडवी पडेन," ताई म्हणाल्या. "पण दरड आली तर मला काहीच करता येणार नाही."

सरकारने देऊ केलेली खोल्यांची इमारत फार लांब होती. ताईंनी ती नाकारली आणि मंत्रालयात खेटे घालून मुलुंडमध्ये तात्पुरत्या राहण्यासाठी एक रिकामी इमारत मिळवली. कुटुंबे हलली, पण मनाविरुद्ध. त्यानंतर पाऊस भरपूर झाला आणि टेकडीचा एक दगडही खाली आला नाही.

प्रचारात विरोधकांना वेगळे काही बोलावेच लागले नाही. 'दरड कुठे आहे?' एवढा प्रश्न पुरला. त्याच धामधुमीत माझी आई आजारी पडली. मी रजा मागितली नव्हती. ताईंनी स्वतःच मला घरी पाठवले. "निवडणूक मला लढवायची आहे, तुमच्या आईला नाही," असे म्हणून माझे काम त्यांनी दुसऱ्याकडे दिले.

त्या निवडणुकीत ताईंचा पराभव झाला. मुलुंडच्या इमारतीतल्या बहुतेकांनी त्यांना मत दिले नव्हते. निकालानंतरच्या आठवड्यात त्या त्याच इमारतीत गेल्या, कारण तिथे पाण्याची तक्रार होती. मी विचारले, "आता तुमचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, "त्यांना तिथे मी नेलंय."

पुढची काही वर्षे, कोणतेही पद नसताना, त्या कायमच्या घरांसाठी कचेऱ्यांत बसून राहिल्या. अखेर घरे मंजूर झाली. एके दिवशी गावडे ताईंकडे आले. "गेल्या टायमाक मी तुमका मत देवक नाय. ह्या टायमाक देतलंय काय, ता आताच सांगणंय नाय. पण चावी गावतली त्या दिवशी तुमी येवा."

समारंभात व्यासपीठावर नवे आमदार होते. ताई खाली, शेवटच्या रांगेत बसल्या. चावी घेऊन गावडे थेट त्यांच्याकडे आले आणि दार तुम्हीच उघडा म्हणाले. ताईंनी चावी हातात घेतली आणि गावड्यांच्या पत्नीला दिली. "घर यांचं आहे. यांना उघडू दे."

त्या बाईंनी दार उघडले आणि सर्वांत आधी खिडकी पाहिली. ताई बाहेरच थांबल्या. त्या दिवशी मी त्यांना विचारले, "दरड कोसळलीच नाही. वाईट नाही वाटत?"

"कोसळली असती तर मी निवडून आले असते," त्या म्हणाल्या. "तसं निवडून यायला मला नको होतं."

पुढच्या निवडणुकीत त्या थोड्या मतांनी जिंकल्या. गावड्यांनी मत कोणाला दिले, ते त्यांनी कधीच सांगितले नाही आणि ताईंनीही विचारले नाही. ती मुदत पूर्ण करून, पक्षाचा आग्रह असतानाही, त्या निवृत्त झाल्या.

ताईंनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी चालायला सांगितले आहे. त्या घराबाहेर पडतात, पण कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत कोणीतरी गटाराची, शाळाप्रवेशाची नाहीतर सुनेची तक्रार घेऊन थांबवते आणि ताई थांबतात. त्यांचे पाय असेच खणखणीत राहोत, वाटेत अडवणारी माणसे त्यांना अनेक वर्षे भेटत राहोत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली फेरी एखाद्या सकाळी तरी पुरी होवो, एवढीच माझी मनापासूनची इच्छा.