सगळ्यांना विचारल्यावरचं ‘नाही’

सुहास गेला त्याला आज वर्ष झालं. त्याने लिहिलेला कोड अजून चालतोय, आणि मॅनेजमेंटला तो अजूनही स्लो वाटतो.

फोटो टाकणार होते. पण माझ्याकडे त्याचा एक धड फोटो नाही. सगळ्यांत तोंड भरलेलं, हातात प्लेट. म्हणून लिहितेय.

आम्ही दोघं परळला एकाच ऑफिसात, एकाच टीममध्ये. मी गिरगावची, तो घोडपदेवचा. आमचं ॲप औषधं शोधायचं. नाव टाका, कुठल्या दुकानात मिळेल ते सांगतं.

आता एवढ्या दुकानांचा स्टॉक एका मशीनवर मावत नाही. म्हणून तो भागाभागाने वाटलेला. दादर-परळ एका मशीनवर, शीव दुसऱ्यावर, कोकण तिसऱ्यावर, असं करत करत बरीच. प्रत्येक मशीनला फक्त आपल्या भागातलं ठाऊक.

कोणी काही शोधलं की कुठल्या मशीनला विचारायचं, हे ठरवणं म्हणजे राउटिंग. ते काम सुहासचं आणि माझं. आई म्हणायची, एवढ्यासाठी इंजिनिअर झालीस होय?

आमचा नियम सोपा होता. माणसाच्या प्रोफाइलमधला पत्ता बघा, त्या भागाच्या मशीनला विचारा. तिथे नसेल तर ‘औषध उपलब्ध नाही’.

फटाफट उत्तर, सर्व्हरचा खर्च कमी, साहेब खूश.

मग सुहासचे मामा कणकवलीहून आले. मामीची ट्रीटमेंट परळच्या हॉस्पिटलात चाललेली. डॉक्टरांनी एक औषध लिहून दिलं. मामांनी मोठ्या कौतुकाने भाच्याचं ॲप उघडलं.

प्रोफाइलमध्ये पत्ता गावचा. साहजिक आहे, माणूस गावी राहतो तर गावचाच पत्ता टाकणार ना.

ॲपने कणकवलीकडे विचारलं आणि सांगितलं, उपलब्ध नाही.

मामांना वाटलं, इथे परळात नाही; ते चिठ्ठी घेऊन दुपारभर फिरले. दादर झालं, शीव झालं. औषध शेवटी मिळालं ते हॉस्पिटलच्या गेटसमोरच्या दुकानात.

सुहासने विचारलं, आधी तिथेच का नाही गेलात? मामा अगदी शांतपणे म्हणाले, “तुजो ॲप ‘नाय’ म्हणालो, म्हणान मी समोरच्या दुकानात इचारूकच नाय.”

दुसऱ्या दिवशी सुहास ऑफिसला आला तो थेट कोड उघडून बसला. चहालासुद्धा उठला नाही. तेव्हाच मला कळलं की हा आता कोणाचं ऐकणार नाही.

त्याचा नवा नियम असा. पत्ता राहू दे, फोन आत्ता कुठे आहे ते बघा. त्या भागाच्या मशीनला विचारा. तिथे नसेल तर शेजारच्या मशीनना. तिथेही नसेल तर सगळ्यांना. सगळ्यांचं उत्तर आल्यावरच ‘नाही’ म्हणा. एखादं मशीन बंद असेल तर ‘नाही’ म्हणायचंच नाही, ‘अजून कळलं नाही’ म्हणायचं.

मीटिंगमध्ये साहेबांनी कपाळाला हात लावला. लोड वाढेल, बिल वाढेल, गोल चक्र फिरताना बघून लोक ॲप बंद करतील. ते चुकीचं बोलत नव्हते. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही वैताग येत होता.

सुहासचा आवाज काही चढला नाही. म्हणाला, “सर, आपलं ‘आहे’ चुकलं तर माणूस दुकानातून परत येतो. आपलं ‘नाही’ चुकलं तर तो दुकानात जातच नाही.”

बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. बाबा रे, अप्रेझल तोंडावर आहे, जरा सांभाळून बोल. तर म्हणे, तू काळजी कर, मी कोड लिहितो. असा आगाऊ.

नियम लागू झाला. साहेब कुरकुरले, पण लागू झाला.

आणि मग सुहासच आजारी पडला. कॅन्सर.

हॉस्पिटल परळलाच, ऑफिसपासून चालत जाण्याएवढं. मी लंच टाइममध्ये जायचे. तो ऑफिसच्या चौकशा करायचा, मी भांडणं सांगायचे, तो हसायचा. हसताना दुखायचं त्याला. मला खूप रडू यायचं, ते मी जिन्यात आटपून घ्यायचे.

शेवटी शेवटी डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवलं. म्हणाले, फार आशा ठेवू नका, पण मिळालं तर बघू.

अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो. कोणी वरळीला पळतं, कोणी शीवला. बायको खाली मेडिकलच्या रांगेत, आणि पेशंट वर एकटा.

वैशालीने, त्याच्या बायकोने, कॉरिडॉरमध्ये उभं राहून आमच्या ॲपवर ते नाव टाकलं. चक्र बराच वेळ फिरलं. मग उत्तर आलं: सगळीकडे विचारलं, सध्या कुठेच नाही.

दोन दिवसांनी सुहास गेला.

ॲपचं हे मला तेराव्याला कळलं. आमच्याच ॲपने त्याला नाही म्हणावं? मी वैशालीला विचारलं, दीर होते, भाऊ होता, कोणाला पाठवलं नाहीस का गं दुकानांत?

ती म्हणाली, “नाही गं. त्याने बांधलेलं आहे ते. ते नाही म्हणालं म्हणजे नाहीच. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वर त्याच्यापाशी जाऊन बसले. अख्खी दुपार मिळाली आम्हाला.”

काय बोलले ते मी विचारलं नाही.

सुहास, खूप आठवण येते रे. जिथे असशील तिथे सुखात राहा, मित्रा.