खोल समुद्रातला घरजावई

मलकापुरात आमच्या गल्लीतली बहुतेक लग्नं एकच गुरुजी लावतात. मासळीबाजार आला की ते नाकाला उपरणं लावतात, पण खोल समुद्रातल्या शिकारी माशांवर त्यांचा भारी जीव. पत्रिकांच्या वहीत, मागच्या पानांवर, त्यांनी माशांची कुळं लिहून ठेवली आहेत.

परवा मेव्हणीच्या लग्नात ते पंगतीला माझ्या शेजारी बसले आणि मठ्ठ्याच्या द्रोणाला मोबाइल टेकवून, त्यावर एका माशाचा फोटो दाखवत म्हणाले, "पाहा जावईबापू. दात आतल्या अंगाले वळेल हायेत, म्हणजे घुसला तो गेला. डोक्यावर काटा, काट्याले दिवा. दिवा फक्त मादीलेच असते हो! नर बोटाएवढा. तो तिले चावते अन् तिथंच चिकटते. काही कुळातले सुटतात, ह्या कुळातला जन्मभर नाही सुटत. डोळे जातात, रक्तबी तिचंच. शास्त्रज्ञांले तर आधी वाटलं, हे तिचं पिल्लूच हाय!"

समोरच्या ओळीत सासरे खो खो हसले. मी अकरा वर्षं त्यांच्याच माडीवर राहतो. मी हातातला घास परत पानात ठेवला.

"गुरुजी, हे मले काऊन सांगून राह्यले?"

त्यांनी वाढप्याला थांबवून माझ्या पानात दोन जिलेब्या वाढायला लावल्या आणि हळूच म्हणाले, "मंग कोणाले सांगू? मले सासऱ्याच्या घरी सव्वीस वर्षं झाली."

तेवढ्यात मंडपाच्या दारातून त्यांच्या बायकोनं नुसतं पाहिलं. गुरुजी भरल्या पानावरून उठले.

"दिवा लागला," म्हणाले, आणि चपला न शोधताच निघाले.