दाऊदभाईंची स्टेपनी

बाळापूर-अकोला रस्त्यावर दाऊदभाईंची जीप वीस वर्षं सवाऱ्या वाहत होती. त्या साली पराटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग पडला, पीक गेलं, गावोगावची ये-जा आटली आणि नवी ट्यूब घ्यायचं दाऊदभाई पुढं ढकलत राहिले. स्टेपनीच्या ट्यूबवर ठिगळावर ठिगळ होतं. सकाळी भरलेली हवा दुपारपर्यंत टिकली तर टिकली.

व्याळ्याच्या पुढं मागचं चाक बसलं. सवाऱ्या उतरल्या. त्यांत मनकर्णाबाई होती. नवरा गेल्यापासून दोन लेकी घेऊन ती भावाच्या घरी दिवस काढत होती, आणि आज तिला अकोल्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या कामासाठी अकरा वाजता बोलावलं होतं. मागून एक टेम्पो आला, बाकीचे त्यात चढले. तीही निघाली. सगळीच फेरी हातची जाते म्हणून दाऊदभाईंच्या तोंडून निघून गेलं, "थांबा बाई, पाच मिनिटं. स्टेपनी पक्की हाय."

त्या शब्दावर ती थांबली.

स्टेपनी चढवून दोघं निघाले, पण रिधोऱ्याजवळ जीप पुन्हा एका अंगानं कलली. साडेदहा होऊन गेले होते. दोन एसट्या गच्च भरून न थांबताच गेल्या. दाऊदभाई चाकापाशी बसले ते उठेनात.

"बाई, मले सकाळपासूनच मालूम होतं," ते शेवटी म्हणाले. "खोटं बोललो तुमच्याशी."

मनकर्णाबाईनं पदर कमरेला खोचला आणि विचारलं, "पंप हाय का?"

पंप होता. एकानं हवा भरायची, दम लागला की दुसऱ्यानं. दोन-तीन किलोमीटर गेलं की चाक बसे, पुन्हा उतरायचं. वसतिगृहाच्या दारात पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि जागा भरली गेली होती.

दाऊदभाई एरवी सवारी उतरवून निघून जायचे. आज ते काळ्या हातांनी आत गेले आणि अधीक्षिकाबाईंना म्हणाले, "ह्या वक्तावर निंगाल्या होत्या. उशीर माह्यामुळं झाला."

अधीक्षिकाबाईंनी मनकर्णाबाईच्या तळहातांवरचे फोड पाहिले. सकाळचं काम दिलं गेलंय, त्या म्हणाल्या, पण संध्याकाळी साठ मुलींच्या भाकरी थापायला माणूस हवं आहे. पगार निम्मा, मात्र मागच्या बाजूला खोली आहे. लेकींना आणता येईल.

मनकर्णाबाईनं खोली पाहून घेतली आणि हो म्हटलं.

बाहेर आल्यावर दाऊदभाई म्हणाले, नवी ट्यूब टाकतो, मग बाळापूरले सोडून देतो.

"नोका, दाऊदभाऊ. आज मी एसटीनंच जातो."

त्यांना ते लागलं, पण वावगं वाटलं नाही. ते तिच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेले, गर्दीत घुसून खिडकीजवळची जागा धरली आणि तिला बसवून खाली उतरले.