कानयंत्र काढून केलेली प्रार्थना

आता हे मीच सांगितलेलं बरं. नाहीतर भेस्तानच्या आमच्या मराठी चर्चमधलं कुणीही तुम्हाला सांगेल, आणि तेही तिखटमीठ लावून.

जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पीएचडी केली, पण देवासमोर घडीभर मन लागेल तर शपथ! पंखा कुरकुरतो. पाळकसाहेब क्रियापदं चुकवतात. शेवंताबाई नंदुरबारकडच्या, गायला लागल्या की आवाज थेट छपराला हात लावून येतो. आणि या सगळ्यावर माझं कानयंत्र! ऐन उपदेशात शीळ घालतं. दर रविवारी परतताना मला एकच घोर, आपण भक्ती करतो की नुसते बसून येतो?

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. ठरवलं, आज काही झालं तरी भाकर आणि प्याला एकचित्ताने घ्यायचा. उपदेश संपला आणि यंत्राने शीळ घातली. वैतागून काढलं, खिशात टाकलं.

काय ती शांतता! इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही?

प्रभुभोजनाआधी आमच्याकडे प्रत्येकाने मनातल्या मनात पापं कबूल करायची असतात. माना झुकल्या. मीही डोळे मिटले.

"प्रभू, शेवंताबाई गातात तेव्हा मी तुझी स्तुती करत नाही, कडवं कधी संपतंय ते बघतो. पाळकसाहेब बोलतात तेव्हा मनात त्यांच्या क्रियापदांचा पेपर तपासतो."

शेजारून आमच्या हिने कोपर मारलं. बाक अरुंद, मी थोडा सरकलो.

मग हिने माझा हात घट्ट धरला. चर्चमध्ये हिने आजवर माझा हात धरला नव्हता हो! म्हटलं, पवित्र आत्मा काम करतोय. मग मी काहीच हातचं राखलं नाही. मेहुण्याचा फोन आला की झोपेचं सोंग घेतो, तेही सांगून टाकलं. मेहुणा मागच्याच बाकावर होता.

शेवटी सगळ्यात अवघड तेवढं उरलं. "प्रभू, या मंडळीत शहाणा मी एकटाच, असं मला वाटतं. हा गर्व काढून टाक."

डोळे उघडले. कुणी रुमालात तोंड खुपसलेलं, कुणाचे खांदे हलतायत. केवढा हा पश्चात्ताप! माझेही डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, त्या दिवशीसारखी भाकर मी आयुष्यात घेतली नव्हती.

बाहेर चहाला यंत्र परत कानात घातलं. शेवंताबाई समोर आल्या. "सर, मना आवाज इतला वाईट शे का?"

पाळकसाहेबांनी क्रियापदांची शिकवणी कधी ठेवताय म्हणून विचारलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, फोन कधी करू? जागे कधी असता?"

कप तिथेच ठेवला आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात बसल्यावर हिच्यावर उखडलो. थांबवायचं नाही का मला?

"अहो, कोपर मारलं, हात दाबला. आणखी काय करणार?"

"तोंड दाबायचं!"

"ते 'गर्व काढ' म्हणालात ना, तेव्हा अख्खी मंडळी एका आवाजात 'आमेन' म्हणाली. खालच्या दुकानातला साडीवाला जिना चढून बघायला आला."

"मग मी काय केलं?"

हिने पदर तोंडाला लावला.

"तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, 'प्रभू, या शांततेबद्दल तुझे आभार.'"