मधल्या खोलीतली रोयण

आमच्या आचरा गावातल्या घरात एकच भिंत वाकडी आहे. बाकी सगळं ओळंब्यात: चिऱ्याचं जोतं, पुढे पडवी, मग ओटी, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, वर कौलं. मधल्या खोलीची भिंत मात्र एका कोपऱ्यात पोटासारखी बाहेर आली आहे, कारण तिथे रोयण आहे. रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे ती देवी. घर बांधताना पूर्वजांनी तिला हात लावला नाही, भिंतच वळवली.

लहानपणी दुपारी त्या खोलीत आडवी झाले की कौलातल्या काचेतून उन्हाचा चौकोन उतरायचा आणि हळूहळू रोयणीकडे सरकायचा. तो तिच्यापाशी पोचायच्या आत मला झोप लागायची. मोठेपणीही लागायची.

गेल्या मे महिन्यात सुताराने तिथल्या वाशावर बोट दाबलं, ते सरळ आत गेलं. वाळवी! रोयणीतलीच. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसं देवीने छप्पर खाल्लं होतं. मला हसू आलं, पण काकांचा चेहरा बघून लाज वाटली. काका तिथे एकटेच राहतात. पावसाआधी छप्पर झालं नसतं, तर त्यांना मुंबईला आमच्याकडे यावं लागलं असतं, आणि ते त्यांना मरणाहून नको होतं.

"औषध मारूया," मी म्हटलं. मी घरांचे नकाशे काढणारी बाई. जमलं तर ती भिंतही सरळ करायची होती.

"देवीक विख घालतस गो?" काका म्हणाले.

मी चिडले. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी काकांनी रोयणीपुढे नारळ ठेवून देवीला गाऱ्हाणं घातलं आणि सुताराला मधल्या खोलीचं छप्पर कायमचं उतरवायला सांगितलं. "ती खोली तिची. मी पडवेत ऱ्हवतलय."

बाकीच्या घरावर लोखंडी पाइप टाकून कौलं पुन्हा चढली. काका गावातच राहिले.

दिवाळीत गेले, तेव्हा मधल्या खोलीवर आभाळ होतं. भिंतींच्या कडेने गवत उगवलं होतं. रोयण हातभर वाढली होती आणि तिच्याशेजारी जुने वासे नीट रचून ठेवले होते. मी सवयीने चटई टाकली. आता उन्हाला चौकोन नव्हता, ते सगळीकडेच होतं.

"देवीला दुसरी खोली द्यायची," मी उगाच म्हटलं. "ही तर घरातली सगळ्यात चांगली."

काका दारात उभे होते. आत आले नाहीत.

"माझो जल्म ह्याच खोलयेत झालो गो," ते म्हणाले. "म्हणान हीच दिलंय."

त्या दुपारी मला झोप लागली नाही.