सासऱ्यांच्या आवाजाची सीडी

सासरे दशावतारात राजा होत. त्यांच्या आवाजाची एकच सीडी उरली होती, गावच्या जत्रेत कुणीतरी केलेल्या रेकॉर्डिंगची. ती आमच्याकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे होती. तिच्या भावाने ती दोनदा मागितली होती आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला होता. गेलेली वस्तू परत येते यावर माझा फारसा विश्वास नाही.

मेहुण्याचं कसालला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यानंतर आमचा कॉम्प्युटर त्याच्याकडे जाऊन आला. त्यानंतर मी ती सीडी कॉपी करायला घेतली. पूर्वी पूर्ण भरलेली सीडी पाच-सहा मिनिटांत उतरत असे. आता अर्ध्या तासात दहावा हिस्साही उतरेना, माउसचा बाणही अडखळत सरकायचा.

"ड्राइव्ह बदललान तेणी," मी म्हणालो. "आपण कंटाळून सीडी त्याच्याकडेच द्यावी, हा बेत आहे."

"अवो, तेका इचारा तरी," बायको म्हणाली.

मी फोन लावला. पलीकडून तो हसला. "भावोजीनू, तुमचो जुनो ड्राइव्ह घेवन मी काय लोणचा घालू?"

हसण्याने माझं समाधान होत नाही. मी कॅबिनेट उघडलं. ड्राइव्हवरचा नंबर खरेदीच्या बिलावरच्या नंबराशी जुळला. म्हणजे बदललेला नव्हता. मग सेटिंगमध्ये काही केलं असेल म्हणून तिथे शोधलं. ड्राइव्ह ज्या चॅनलने मशीनला जोडलेला असतो त्यासमोर 'शक्य असेल तर डीएमए', म्हणजे माहिती थेट मेमरीत उतरवण्याची वेगवान पद्धत, हेच निवडलेलं होतं, पण प्रत्यक्ष चालू होती पीआयओ, म्हणजे प्रोसेसरने एकेक घास भरवण्याची जुनी, संथ पद्धत. मला हे मुद्दाम केल्यासारखंच वाटलं. तो चॅनल सेटिंगमधल्या यादीतून काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, विंडोजने तो नव्याने बसवला. डीएमए परत आलं.

सासऱ्यांची सीडी घातली. थोडी उतरली, खरखरली आणि पुन्हा पीआयओ. या वेळी मात्र मशीन माझ्या घरात होतं आणि हात फक्त माझा लागला होता. पुन्हा चॅनल काढून बसवला आणि दुसऱ्या तीन सीड्या घालून पाहिल्या. तिन्ही सरळ उतरल्या. वाचताना वारंवार चुका झाल्या की विंडोज आपणहून संथ पद्धतीवर उतरतं, हे मी नंतर वाचलं. म्हणजे खोट ड्राइव्हमध्ये नव्हती, सीडीत होती.

सीडी उजेडात धरली. बोटांना खोबरेल तेलाचा वास आला.

"ही त्याच्या दुकानात गेली होती?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "तेल मीच लावलंय. बुरशी इली होती पांढरी. कुलपांका लावतंव, कातरेक लावतंव, मगे हेका नको?"

खाऱ्या हवेच्या गावात पावसाळ्यात घरातल्या प्रत्येक वस्तूवरून तेलाचं बोट फिरतं. वडिलांचा आवाज तिने त्यातून कसा वगळावा? साबणाच्या पाण्याने सीडी धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, सावलीत वाळवली. चॅनल तिसऱ्यांदा बसवला. या वेळी सीडी शेवटपर्यंत उतरली.

स्पीकरमधून राजाने दरबारात पाऊल टाकलं तशी ती उठली आणि भावाला फोन लावून रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. पलीकडे आधी दुकानातला पंखा बंद झाल्याचा आवाज आला. मग, "गो, आवाज वाढय जरा."

मी दुसरी प्रत काढली आणि ती कसालला स्वतः नेऊन दिली. मेहुण्याने ती माझ्यासमोरच मशीनमध्ये घातली आणि शेवटपर्यंत वाचते की नाही ते बघत बसला. मीही खुर्ची ओढून बसलो. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.