ताईचा कॉम्प्युटर मुका झाला तेव्हा

माझी मोठी बहीण रोह्याला राहते. चाळिशीत काचबिंदूने तिची दृष्टी गेली आणि शाळेतली नोकरी सुटली. ती मात्र स्वस्थ बसली नाही. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम कॉम्प्युटरवर घालून घेतला, कीबोर्ड बोटांनी पाठ केला आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायचं काम धरलं. दाबलेलं प्रत्येक अक्षर कॉम्प्युटर मराठीत बोलायचा, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळायची.

एके सकाळी तिचा फोन आला. "माझा कॉम्प्युटर मुका झालाय गो. तू ये."

पेणहून मिळाली ती एसटी पकडली. गेल्यावर उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी तिने कॉम्प्युटर बंद करायला घेतला आणि त्याने परस्पर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवून घेतली. आता मराठी आवाज गायब होता. उरलेला इंग्रजी आवाज मराठी अक्षर आलं की गप्प व्हायचा.

मी पोचायच्या आधी तिने कॉम्प्युटर कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला होता. तिथल्या माणसाने पडद्यावर खाली दिसणारं निळं चित्र दाबायला सांगितलं. मला दिसत नाही, असं तिने सांगितल्यावर तो म्हणाला, मग घरातल्या कुणाला तरी बसवा. भाऊजी धाटावच्या कारखान्यात शिफ्टवर होते. ते आले की फोन करा, असं सांगून त्याने फोन ठेवला. ताईने हे शांतपणे सांगितलं, पण माझं डोकं तापलं. इतकी वर्षं जे काम ती एकटी करत होती, त्यासाठी आता तिने नवऱ्याची वाट बघत बसायचं?

बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो भला माणूस होता, पण पडदा बघून हरखला. "नवीन सिस्टीम किती छान दिसते बघा, ताई."

"कुणाला?" ताईने विचारलं.

तो ओशाळला. तरी पुढे म्हणालाच की सगळ्यांना हळूहळू सवय होते, आता मागे कशाला जायचं. जुनी परत घालता येईल, पण पुढे कधीतरी कंपनी तिला सुरक्षेचे अपडेट देणं बंद करील. हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलत होता. शेवटी मी त्याला म्हटलं, "मशीन हिचं आहे. हिला विचारा."

मग तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. धोका नक्की कसला, तो टाळायला काय करायचं, हे ताईने त्याच्याकडून नीट समजून घेतलं. मग म्हणाली, "जुनी घाला. मुक्या मशीनची राखण करून मी काय करू?"

त्याने परत जायचं बटण दाबलं, तर पडद्यावर प्रश्न उभा राहिला: मागे का जाताय? खाली कारणं तयारच होती. नवी अवघड वाटते, जुनी जलद चालत होती, काही प्रोग्राम चालत नाहीत. मी ती वाचून दाखवली. न विचारता बदल करणाऱ्यांनी आता कारण विचारावं, याचा मला इतका संताप आला की काहीतरी एक निवडून मोकळी हो, असं मी म्हटलं.

"नाय. मी लिहिते," ती म्हणाली आणि 'इतर' निवडायला लावलं. ती टाइप करत गेली आणि कॉम्प्युटरच्या जागी मी एकेक शब्द मोठ्याने वाचत गेले. 'मला दिसत नाही. हे मशीन बोलतं म्हणून माझं काम चालतं. तुम्ही मला न विचारता त्याचं बोलणं बंद केलंत.'

दुपार टळायच्या सुमारास तो जुना सपाट आवाज परत आला. आपोआप होणारे बदल कसे थांबवायचे, ते दुरुस्तीवाल्याने तिला कीबोर्डवरूनच शिकवलं. ताईने लिहिलेल्या त्या कारणाला उत्तर आजवर आलेलं नाही, आणि जुनी सिस्टीम एक दिवस सोडावीच लागणार हेही आम्हाला ठाऊक आहे. तो विचार आला की अजून चीड येते. ताईने मात्र तेव्हाच हेडफोन कानाला लावले आणि अडलेली मुलाखत पुढे टाइप करायला घेतली. मी निघते म्हटलं, ते तिला ऐकूही गेलं नाही.